‘आठवा दिवस’चा निळा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा प्लॅस्टिकचा ड्रम आहे. एके काळी माझ्यात दोनशे लिटर पाणी मावत असे. आज माझ्या बुडाला वीतभर तडा आहे आणि पोटात रद्दी. गेली कित्येक वर्षे जुने ग्रंथ, मासिके, स्मरणिका माझ्यात टाकल्या जातात, आणि दुसरे काही काम नसल्यामुळे मी त्या वाचतो. त्यामुळे माझी भाषा जरा जड झाली आहे. सांभाळून घ्या.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये हवा भरून मला आकार दिला गेला. सुरुवातीला मी साबणाचे द्रावण वाहिले. पुढे आठवडी बाजारात भामाबाईंनी मला विकत घेतले, माझे झाकण कापून काढले आणि वास जाईपर्यंत मला अकरा वेळा धुतले. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दाराशी मी उभा राहिलो. भामाबाई एका वसतिगृहात स्वयंपाक करत. त्यांची मुलगी विशाखा अकरावीत होती.

२०१२चा पावसाळा मराठवाड्यावरून तसाच निघून गेला. आमच्या वसाहतीत पाणी आठव्या दिवशी येऊ लागले. त्याच वर्षी आमच्या मागे तीन उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या एकीचे नाव ‘लेक व्ह्यू’ ठेवण्यात आले. तळे कुठे आहे, असे कोणी विचारले नाही. शहर वाढत होते, आणि वाढणाऱ्याला प्रश्न विचारायचे नसतात, असा शिष्टाचार आहे.

पुढच्या फेब्रुवारीत, पाण्याच्या रांगेतच, विशाखाला ‘आठवा दिवस’ सापडला. हा दोघांचा बँड होता. शेजारच्या गल्लीतला सम्यक गिटार वाजवून गात असे. करमाडचा बन्सी हलगी वाजवत असे. पण त्यांना हलगीच्या खाली एक जड, खोल ठोका हवा होता. माठ घेताना टिचकी मारून पाहतात, तसा बन्सी दारोदारचे रिकामे ड्रम वाजवत आमच्यापर्यंत आला. मला आडवे करून माझ्या बुडावर त्याने बोटे आपटली आणि तो थांबला.

“सम्या, हे ऐक. बाकीचे नुसते बोंबलतेत. ह्यो बोलतो.”

माझ्या आयुष्यातली ही पहिली स्तुती. ती मी अजून विसरलेलो नाही.

मग त्यांनी तिथेच एक गाणे म्हटले. भामाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

“गाणं म्हणायलास का भांडाय लागलास रे?”

“दोन्ही, मावशी,” सम्यक म्हणाला. “चाल आपल्या जलशाची हाय. घाई तेवढी पंकची.”

“पंक म्हंजी?”

“राग आला की तीन सुरांत सांगून मोकळं व्हायचं.”

“मंग माझी सासू लई मोठी पंक व्हती,” भामाबाई म्हणाल्या, आणि सगळी रांग हसली.

मित्रांनो, मी पुढे संगीतशास्त्रावरचे सात ग्रंथ वाचले. त्या दोघांनी रांगेत उभे राहून जे केले, त्याची व्याख्या एकाही ग्रंथाला करता आलेली नाही. बन्सीची हलगी धावत असे आणि सम्यक तिच्या पुढे धावत असे. रांगेतल्या बायका पाण्याचे दुखणे विसरत नसत. उलट ते त्यांना प्रथमच नीट आठवत असे, आणि तरीही त्या हसत असत. याला मी कला म्हणतो.

विशाखा त्या दिवसापासून त्यांचे प्रत्येक गाणे वहीत उतरवू लागली.

“येडी हायेस का? काय करणार एवढं लिहून?” बन्सीने विचारले.

“तुमची गाणी कोण छापणारंय? मीच ठेवते जपून. एक शब्द जाऊ द्यायची नाय.”

दहा गाणी अशी जपली गेली. अकरावे गाणे दोघे वैशाखी पौर्णिमेला, विहारासमोरच्या मैदानात म्हणणार होते. त्यासाठी मी रिकामा हवा होतो. पण पाणी ठरल्याच्या एक दिवस आधी, त्याच सकाळी आले, आणि भामाबाईंनी मला काठोकाठ भरले. दुपारी बन्सी मला न्यायला आला.

“मावशी, ड्रम?”

“डोळे हायेत ना?”

“आई, एकच दिवस,” विशाखा म्हणाली.

“आन आठ दिवस काय गाणं प्यायचं?”

भामाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा विशाखाच्या वहीकडे. मग भामाबाई दारात आल्या आणि समोरच्या शेजारणीला हाक मारली. “ए सरूबाई, घागर आण तुझी! आन बाकीच्यान्लाबी बोलव!” माझे पाणी तेरा घरांच्या तेरा भांड्यांत वाटले गेले. अट एकच होती. संध्याकाळी प्रत्येकीने ते मैदानात परत आणायचे आणि गाणे संपेपर्यंत थेंबही सांडायचा नाही. अशा रीतीने ‘आठवा दिवस’ला त्यांचा सर्वांत मोठा श्रोतृवर्ग मिळाला. डोक्यावर भरलेली भांडी घेतलेला श्रोतृवर्ग मी अन्य कुठे वाचलेला नाही.

मला आडवे ठेवले होते. मी घरंगळू नये म्हणून विशाखाने दोन्ही हातांनी मला धरले. त्यामुळे त्या दिवशी तिच्या हातात वही नव्हती. अकराव्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याआधी वीज गेली आणि माइक मुका झाला. सम्यक थांबला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने माझ्या उघड्या तोंडात तोंड घालून शेवटचे कडवे म्हटले. तीन ओळी घुमल्या. चौथी त्याने तिथेच रचली, आणि नेमक्या त्या क्षणी बन्सीच्या टोल्याने माझे बूड फाटले. तो आवाज आणि लोकांचा आरडाओरडा यांत ओळ बुडाली.

पावसाळा येईपर्यंत भामाबाईंनी भाताच्या पातेल्यांत आणि बादल्यांत पाणी साठवले. स्वयंपाकासाठी रोज दोनदा उसनी भांडी मागितली. बन्सी माफी मागायला आला तेव्हा त्या म्हणाल्या, “फुटला तर फुटला. वाजून फुटला, पडून नाय.”

पुढे बन्सी शेंद्र्याच्या कंपनीत गेला आणि सम्यक सोयगावला शिक्षक झाला. मोबाईलवरची दोन-चार रेकॉर्डिंगे मोबाईलबरोबर गेली. मी रद्दीचा धनी झालो.

गेल्या वर्षी माझ्यात एक स्मरणिका पडली. विषय शहराची संगीतपरंपरा, पाने चारशे. तीत एक वाक्य आहे: ‘तरुणांचे स्वतंत्र संगीत या शहरात कधी रुजले नाही.’ लेखकाने एकशे बारा संदर्भ दिले आहेत. तो आमच्या गल्लीत आल्याचे मात्र मला स्मरत नाही, आणि मी दाराशीच होतो.

माझ्यात टाकण्यापूर्वी विशाखाने ते वाक्य वाचले होते. ती आता महाविद्यालयात शिकवते. अकरा गाण्यांचे पुस्तक काढायचे तिने त्याच दिवशी ठरवले आणि अकराव्याच्या त्या शेवटच्या कडव्याच्या शोधाला लागली; बाकीची कडवी सम्यककडे लिहिलेली होती. पहिली ओळ बन्सीला येत होती, दुसरी सरूबाईंना. तिसरी भामाबाई भाकरी थापताना अजून गुणगुणतात.

*पाइप गेला लांब तिकडं, आमच्याकडं हवा,*
*तोटीमधून ऐकू येतो वाऱ्याचाच पावा.*
*साहेब म्हणं, शहर वाढलं; वाढलं म्हंजी काय?*

चौथी कोणालाच येत नाही. तिने सम्यकला फोन केला. तो म्हणाला, “ती मी तिथंच केली आन तिथंच सोडली, विशाखा. खरंच नाय आठवत.” बारा वर्षे प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आहे आणि उत्तर नाहीसे झाले आहे. पुस्तक छपाईला जायचे आहे. त्या पानावर एक ओळ कोरी आहे आणि विशाखा रोज त्या पानाशी येऊन थांबते.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत कोणी पत्र्यावर, डब्यावर, ड्रमवर ठोके देत गात असेल, तर ‘गोंगाट बंद करा’ म्हणण्याआधी त्यांचे नाव विचारा. शब्द त्याच दिवशी उतरवून घ्या. विद्वानांची वाट पाहू नका, ते संदर्भसूचीत गुंतलेले असतात. आणि फुटक्या वस्तूंनाही कधीतरी विचारून पाहा. मला कोणी विचारलेले नाही. सम्यकने ती ओळ थेट माझ्या पोटात म्हटली होती, आणि तडा बुडाला गेला, स्मरणाला नाही. तुमच्यापैकी कोणाला विशाखा भेटली, तर तिच्या पानावर एवढेच लिहून द्या:

*दहा हंड्यांची रांग व्हती, वीस झाली, माय.*