आल्याची वर्दी

माझ्या सासूबाईंना या गावात ओळखी करून घ्यायला भाषा लागली नाही. एक दोर पुरला.

आमचं हे जर्मन गाव नेकारसुल्म शहराच्या मागे, टेकडीवर, द्राक्षमळ्यांमध्ये. वेदांग, म्हणजे माझा नवरा, तिथल्या कारखान्यात जातो. गावात पाहुण्यांना दाखवण्यासारखं एकच, चर्च. दोन उन्हाळ्यांपूर्वी सासूसासरे आले तेव्हा त्यांना तिथे नेलं. बुरुजाच्या भिंती इतक्या जाड की जुन्या लढायांत माणसं गुरांसकट आत लपायची. बाकं डावीकडे बायकांची, उजवीकडे पुरुषांची. आता कोणी पाळत नाही, पण म्हाताऱ्या अजून डावीकडेच बसतात. भिंतीवर चुन्याखालून निघालेलं एक चित्र आहे, धिप्पाड माणूस खांद्यावर पोर घेऊन नदी ओलांडतोय.

"अहो, वसुदेव!" आई म्हणाल्या.

"आई, तो संत ख्रिस्तोफर."

"असेल. टोपली विसरलाय."

मग त्यांना बुरुजाखाली लोंबणारा घंटेचा दोर दिसला. देवाकडे आलो तर वर्दी द्यायला नको? दिली. चांगली दणदणीत.

मोठ्या दोन घंटा आता मोटारीवर वाजतात. त्यांच्या जागच्या जुन्या युद्धात वितळवायला नेल्या, ही दोराची धाकटी लहान म्हणून वाचली. ती हातानंच वाजवतात, आणि अवेळी वाजली की गावात कोणीतरी गेलेलं असतं. बेकरीवाली पिठाच्या हातांनी धावत आली, मागून अर्धी गल्ली.

"कोण गेलं?"

"गेलं कोणी नाही हो," आई मराठीत म्हणाल्या, "मी आले!"

मी भाषांतर केलं. चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या फ्राउ हेबेर्ले रागवायला आल्या होत्या, त्या हसता हसता बायकांच्या बाकावर बसल्या. तेव्हापासून आई गावाच्या 'ग्लोकनफ्राउ' झाल्या, घंटावाल्या बाई.

गेल्या हिवाळ्यात पुण्यात आई वारल्या. यंदा बाबा एकटेच आले.

बाबा मुळात शब्द जपून खर्च करणारे. दाराच्या कडीला हात लागला तरी साबणाकडे धावणारे. पण एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. 'कुसुम गेली' एवढं वाक्य त्यांच्या तोंडून अजून निघालं नव्हतं. नातेवाइकांना फोन केले ते वेदांगनं. समोर कोणी विषय काढलाच तर बाबा चहाचं विचारायचे.

चर्चपाशी फ्राउ हेबेर्ले भेटल्या. "ग्लोकनफ्राउ कुठे?"

बाबांनी प्रश्न बरोबर ओळखला. "सांग, पुण्यात आहे. गुडघे दुखतात म्हणावं."

गुडघे त्यांनी पदरचे घातले. मी निमूट सांगितलं. भाषांतर करणाऱ्याला मत नसतं, अशी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी बाई दारात. हातात बरणी, घरच्या फुलांचं मलम. "त्यांना द्या. रोज झोपताना चोळायचं."

बरणी जेवणाच्या टेबलावर राहिली. बाबा वरणभात कालवत होते, बघत होते बरणीकडे. माझ्या लेकीला, ऊर्जाला, मराठी सगळं समजतं, पण ती बोलते जर्मन. ती त्याच भाषेत म्हणाली, "पण आजीला आता गुडघे कुठे आहेत?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण उशीर झाला होता.

"काय म्हणाली ती?" बाबांनी विचारलं. मी या वेळी खरं भाषांतर केलं. ते बराच वेळ भात चिवडत राहिले. मग म्हणाले, "सुनेत्रा, हे परत करायला हवं. मी येतो. बोल मात्र तू."

ऊर्जाही आमच्याबरोबर आली. चर्चमध्ये मी "आल्झो...", म्हणजे 'तर...', म्हणून सुरुवात केली, दोनदा अडखळले, आणि सांगून टाकलं. बाबा बाकावर बसून वसुदेवाकडे बघत होते. फ्राउ हेबेर्लेंनी गुडघ्यांची थाप मनावर घेतली नाही. म्हणाल्या, "आल्याची वर्दी त्यांनी स्वतः दिली होती. गेल्याची राहिलीय." आणि दोर सोडवून बाबांपुढे धरला.

"पण त्या इथल्या नव्हत्या," मी म्हटलं, "नियम..."

"पाद्रींचं मी बघते."

बाबांना काही सांगावं लागलं नाही. पहिल्यांदा ओढला तेव्हा नुसता दोर खाली आला. मग त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

घंटा वाजली. थांबली तेव्हा बेकरीवाली दारात उभी होती, तशीच पिठाच्या हातांनी.

"कोण गेलं?"

ऊर्जा तोंड उघडणार तोच बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. जर्मन त्यांना येत नाही, पण हा प्रश्न त्यांनी पूर्वी ऐकला होता.

"कुसुम," ते म्हणाले. "माझी कुसुम गेली."

मी भाषांतर केलं नाही. लागलंच नाही. बेकरीवालीनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. ते पीठ घरी येईपर्यंत बाबांच्या बोटांवर होतं, आणि घरी आल्यावरही ते साबणाकडे गेले नाहीत.

मलम मात्र फ्राउ हेबेर्लेंनी परत घेतलं नाही. बाकावरून उठताना बाबा गुडघ्यांवर हात टेकतात, ते त्यांनी पाहून ठेवलं होतं.