बुधवारची धूळ

चिमटीत धरलेल्या नटाला तिने दात-ओठ खात पीळ दिला, तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला. मोटारसायकलच्या सीटखालच्या डब्यात हात घालून तिने हवेचा फिल्टर बाहेर ओढला. विटेएवढा, स्पंजाचा. तो तेलकट आणि स्वच्छ निघायला हवा होता. बोटांना लागली ती धूळ, पिठासारखी बारीक, तांबूस, थरावर थर.

उकिडवी बसलेली ती तशीच मागे भिंतीला टेकली.

हे होणंच शक्य नव्हतं. अकरा महिन्यांपूर्वी, डावा हात गळ्यात अडकवलेला असताना, तिने एका हाताने हा फिल्टर धुऊन, तेल लावून इथे बसवला होता. भाऊ चिडवायचा, "मेलेल्या घोड्याला कसला खरारा करतेस?" त्याच दिवशी गाडीवर ताडपत्री चढली. त्याआधी महिनाभर ती दवाखान्यात होती. खाणीच्या उतारावर पडली, खांद्याचं हाड गेलं, तीन बरगड्या गेल्या. खाटेशी उभं राहून नवरा एवढंच म्हणाला होता, "पुन्हा बसणार नाहीस. शब्द दे." तो भूगोलाचा मास्तर, आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नाही. चढवला असता तर ती भांडली असती. तिने शब्द देऊन टाकला.

आज ती तोच मोडायला बसली होती. सकाळी चष्म्याच्या दुकानात वीज गेली, भिंगं घासायचं यंत्र थंड पडलं आणि मालकाने सगळ्यांना घरी धाडलं. त्यात बुधवार. बुधवारी दुपारी एकला शाळा सुटल्यावर शिक्षकांची बैठक, म्हणजे नवरा पाचच्या आत येत नाही. अकरा महिने तिचे हात शिवशिवत होते. जेवतानासुद्धा उजवी मूठ आपोआप मागे वळायची. पाण्याचा नळ ती उगाचच हळूहळू, आवाज ऐकत उघडायची.

तिने उठून गाडीभोवती एक फेरी मारली. टायरच्या खाचा धुतलेल्या. साखळी पुसलेली. ताडपत्रीची घडी जशीच्या तशी. जो कोणी होता तो मोठा टापटिपीचा होता. फक्त गाडीलाही नाक असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेडची एक किल्ली घरात खिळ्यावर, दुसरी भावाकडे असायची. त्याचं टायरचं दुकान. तिने त्याला फोन लावला.

"खेचर बाहेर काढलं होतंस?"

"मी? ताई, त्या खेचराने मला दोनदा आपटलंय. तिसऱ्यांदा कशाला हौस करू?"

"खरं सांग."

"तुझी शपथ. का गं, काय झालं?"

"फिल्टर धुळीने भरलाय."

पलीकडे हवा भरायचा पंप बंद झाल्याचं ऐकू आलं.

"आणि फिल्टर तू कशाला उघडलास?"

तिने फोन ठेवून दिला.

मग तिने बादलीत रॉकेल ओतलं आणि फिल्टर बुडवला. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. पिळायचा नाही, पिळला की स्पंज फाटतो. रॉकेल काळंतांबडं झालं. नंतर साबणाचं पाणी, एकदा, दोनदा, तीनदा. हात चालले होते, पण जीव एका जागी ठरत नव्हता. नवऱ्याला विचारावं, तर आधी तिलाच सांगावं लागणार की आपण शेडमध्ये काय करत होतो. न विचारावं, तर घरात पाणी कुठे मुरतंय ते कळणार नाही. अडकित्त्यात सापडलेली सुपारी बरी. सावलीतल्या तारेवर दोन चिमटे लावून तिने फिल्टर टांगला आणि दर पाच मिनिटांनी त्याला बोट लावून बघू लागली.

दीडच्या सुमाराला फाटक वाजलं. कोणीतरी शीळ घालत आलं, घराकडे न वळता थेट शेडकडे. दारात नवरा उभा राहिला. काखेत जुनी विजार गुंडाळलेली. शीळ अर्ध्यावर तुटली.

"बैठक?" तिने विचारलं.

"नव्हती. बुधवारी नसतेच."

"कोपर सोललं होतं ते? न्हाणीघरात पाय घसरला म्हणाला होतास."

"खाणीच्या अलीकडे. रेतीत."

तिला ओरडायचं होतं. माझ्याकडून शब्द घेतलास आणि स्वतः! ओठापर्यंत आलेलं ते तिथेच अडकलं, कारण त्याची नजर तारेवरच्या फिल्टरवर गेली होती आणि तिथून तिच्या काळ्या हातांवर.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"फिल्टर."

"दुरुस्त करायला काढलास?"

"नाही," ती म्हणाली. "जायला."

तो पायरीवर बसला. विजार मांडीवर ठेवून तिची शिवण उकलत राहिला.

"पहिल्यांदा चालतच गेलो होतो," तो म्हणाला. "तू पडलीस ती जागा बघायला. तासभर उभा होतो. मग वाटलं, चालत येऊन काय कळणार."

"कळलं?"

"अजून नाही. चढावर गाडी गुदमरते. माझंच काहीतरी चुकतं."

"गुदमरणारच. नाकात बोळे कोंबून धावलास तर तुझंही तेच होईल. धुळीने बंद झाला होता तो. कुठल्या गिअरमध्ये चढवतोस?"

"दुसऱ्या. तिसरा टाकला की तिचा जीव जातो. माझाही."

तिला हसू फुटलं आणि राग आला, दोन्ही एकदम.

फिल्टर खडखडीत वाळायला चार वाजले. तेल तिने त्यालाच लावायला दिलं. "कणीक मळतोस तसं. कोपऱ्यात कोरडं राहू देऊ नकोस. आता जास्तीचं दाबून काढ." त्याच्या खडूने भेगाळलेल्या बोटांतून हिरवट तेल ओघळलं. काठाला ग्रीस लावून तिने फिल्टर डब्यात बसवला, नट आवळला आणि गाडी फाटकाशी नेली.

तिसऱ्या किकला इंजिन पेटलं. आवाज स्वच्छ होता. ती सीटवर बसली, मूठ थोडी पिळली. खांदा दुखला नाही. सीट एकाच माणसाची.

त्याने फाटक पूर्ण उघडलं आणि बाजूला झाला. नुसता गज धरून उभा राहिला, नेहमी राहायचा तसा. बोटांची पेरं पांढरी पडली होती. हे तिने कधी पाहिलं नव्हतं. नेहमी ती पुढे बघत निघून जायची.

ती खाली उतरली.

"जा तू. आज तिसरा टाक."

"मी?"

"वळणाच्या आधी आवाज ऐक. ती मागेल तेव्हाच टाक."

तो गेला. पहिला गिअर, दुसरा. दुसरा बराच वेळ ताणला गेला. तिची मूठ हवेतच मागे वळली. मग आवाज बदलला, मोकळा झाला आणि टेकाडापलीकडे नाहीसा झाला.

खाणीपर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं लागतात, हे तिला पाठ होतं. तिने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती. वळणावर आता रेती आणखी साचली असेल, त्याला सांगायला हवं होतं. ब्रेक तपासायचा राहिला. पुन्हा घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं.

आठव्या मिनिटाला ती फाटकाबाहेर आली. बाराव्या मिनिटाला कोपऱ्यापर्यंत गेली होती, अनवाणीच.