ढकलू का?

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझ्या डाव्या चाकाचा स्वभाव थोडा कुरकुरा आहे आणि उजव्या हाताशी सायकलची घंटी आहे. खुर्चीला घंटी कशाला, असे तुम्ही म्हणाल. तेच तर सांगायचे आहे. एका भल्यामोठ्या बोटीवर, चौदा माणसांच्या कुटुंबासमोर, मला माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान मिळाला. आणि गंमत अशी, की तेव्हा माझ्यावर कुणीच बसलेले नव्हते.

पण पहिल्यापासून सांगते. एका कारखान्यात पोलादी नळ्या वाकवून माझा सांगाडा तयार झाला. वर निळे रेक्झिन चढले आणि मी थेट इस्पितळात रुजू झाले. वॉर्डातून एक्स-रेकडे आणि एक्स-रेकडून वॉर्डात, अशी अकरा वर्षे काढली. मला ढकलणारे मामा प्रेमळ होते, पण ढकलताना ते आपापसांत गप्पा मारत. बसलेल्या माणसाशी क्वचितच कुणी बोले. "पेशंटला इकडे घ्या", "पेशंटला जरा थांबवा", असे सगळे त्याच्या डोक्यावरून चालायचे. माणूस माझ्यावर बसला की लोकांना दिसेनासा का होतो, हे कोडे मला तेव्हापासून पडलेले आहे.

पुढे रेक्झिन फाटले, टायर झिजले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या पंख्यांच्या खाली मी तीन वर्षे धूळ खात पडले. शेवटी एका सायकल दुरुस्त करणाऱ्याने मला भंगारातून उचलले. त्याने मला सायकलचे टायर चढवले, ब्रेक नवे केले, आणि दुकानात एक घंटी उगाच पडली होती ती उजव्या हाताशी बसवून टाकली. "वाहन म्हटलं की घंटी पाहिजे," तो म्हणाला. मला वाहन म्हणणारा तो पहिला माणूस. मी त्याला कधी विसरणार नाही.

त्याच्या दुकानातून मी बाईंच्या घरी आले.

बाईंनी गावच्या तलावावर चाळीस वर्षे मुलांना पोहायला शिकवले होते. निम्मे गाव त्यांच्या हाताखालून गेलेले, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. घरातही नियम होता. मूल सहा वर्षांचे झाले की आजी त्याला पाण्यात नेणार. मुले, नातवंडे सगळी अशीच शिकली. एवढेच काय, सून लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहता येत नाही म्हटल्यावर बाईंनी महिन्याभरात तिलाही तयार केले. पाण्यावर पाठीवर पडून वीस आकडे मोजेपर्यंत तरंगले, की पास.

आणि मग जिन्यावरून पडून बाईंचे कंबरेचे हाड मोडले. धरून धरून चार पावले टाकता येत, त्यापुढे मी. बाईंना मी डोळ्यांसमोर नको होते. "ही बया कुठून आणली?" हे त्यांचे माझ्याविषयीचे पहिले उद्गार. मला दाराआड ठेवले गेले. माझ्यावर वर्तमानपत्रांची रद्दी साठली, हँडलला छत्र्या लटकल्या. मी मनातल्या मनात कुरकुरत राहिले.

बाई पडल्या त्याच वर्षी त्यांची सर्वांत धाकटी नात सहा वर्षांची झाली. ती इतकी बारीक आणि इतकी सतत काहीतरी तोंडात धरून चालणारी, की घरात तिला सगळे मुंगी म्हणत. आजी अंथरुणावर, मग मुंगीला शिकवणार कोण? तिच्या बाबांनी, म्हणजे बाईंच्या थोरल्या मुलाने, ते मनावर घेतले. माणूस भला, पण घाईचा. सगळे त्याला दादा म्हणत. दोन दिवस मुंगी तलावाच्या पायरीवरच बसून राहिली, तेव्हा तिसऱ्या दिवशी दादाने तिला गंमत म्हणून मागून ढकलले. क्षणात बाहेर काढलेही. पण मुंगी त्या दिवसापासून गुडघ्याच्या वर पाणी येऊ देईना.

"पोरीला ढकललंस?" बाई एवढेच म्हणाल्या. दादाने मान खाली घातली. त्या विषयावर घरात पुन्हा कुणी बोलले नाही.

दोन वर्षांनी दादाने बोटीच्या सहलीचा घाट घातला. सात दिवस, सगळे कुटुंब, चौदा माणसे. बाईंनी एकच प्रश्न विचारला. "बोटीवर पोहायचा टँक आहे का?" आहे म्हटल्यावर त्या माझ्यावर बसायला तयार झाल्या. सामान भरताना त्यांनी जुना निळा पोहण्याचा पोशाख शालीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला. ते फक्त मी पाहिले.

मित्रांनो, ती बोट म्हणजे एक आडवे पडलेले शहरच होते. मजल्यांवर मजले, बारा लिफ्ट आणि इतके लांब बोळ, की पलीकडच्या टोकाचा माणूस बोटभर दिसावा. मला मात्र पहिल्याच दिवशी केबिनच्या दारात अडकायला झाले. दार दोन बोटांनी अरुंद होते. दादाने मला तिरके करून पाहिले, उलटे करून पाहिले, शेवटी रुंद दाराची केबिन मिळवली. त्याच्या गळ्यात छापील वेळापत्रक लटकत असे. नाश्ता आठला, जादूचे प्रयोग अकराला, आणि बाईंच्या नावापुढे सगळीकडे एकच नोंद: आराम.

"आई, तू फक्त बस. आम्ही सगळं बघतो," तो म्हणे.

"बसून बसून माझीच खुर्ची झाली आहे," बाई म्हणत.

जेवणाच्या हॉलमध्ये वाढणाऱ्याने दादाकडे पाहून विचारले, "आजी सूप घेणार का?" बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी शांतपणे हात पुढे केला आणि माझी घंटी दाबली. ट्रिंग! अख्खा हॉल वळून बघू लागला.

"आजी सूप घेणार," बाई म्हणाल्या. "आजींना ऐकू येतं आणि बोलताही येतं."

माझा ऊर भरून आला. इस्पितळातल्या अकरा वर्षांचे उत्तर त्या एका ट्रिंगमध्ये होते. त्या दिवसापासून आम्हा दोघींचे जमले. लिफ्टमध्ये कुणी आमच्या डोक्यावरून पिशवी नेली की ट्रिंग. कुणी न सांगता मला बाजूला सरकवले की ट्रिंग. सून आधी लाजून लाल झाली, मग पदर तोंडाला लावून हसू लागली.

एकटी मुंगी अशी होती, की तिच्यासाठी घंटी कधी वाजवावी लागली नाही. ती माझ्या हँडलला हात लावायच्या आधी विचारायची, "आजी, ढकलू का?" आणि बाईंनी "ढकल" म्हटल्यावरच पाऊल उचलायची. न विचारता ढकलले की कसे वाटते, हे तिला चांगले ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सगळे वरच्या डेकवर तलावाशी गेले. बाईंना सावलीत आरामखुर्चीत बसवले आणि माझ्यावर तेरा टॉवेल, चपला, चष्मे आणि एक रबरी बदक लादले. मी हमाल झाले. बाई पाण्याकडे एकटक बघत होत्या. मग त्यांनी मुंगीला हाक मारून कानात सांगितले, "ही सहल संपायच्या आत आपण दोघी पाण्यात जायचं. मी तुला ढकलणार नाही. तू म्हणशील तेव्हा आणि तू म्हणशील तेवढंच."

मुंगीने पायाचे बोट पाण्यात बुडवून पाहिले. मग म्हणाली, "तू आधी जा. मी बघते."

म्हणजे आता सगळे बाईंवर आले. त्या पाण्यात उतरल्या, तरच मुंगी उतरणार होती.

तलावावरच्या जीवरक्षकाने नियम सांगितला. खुर्चीवरच्या प्रवाशांना डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. बाई तिसऱ्या दिवशी मुंगीला घेऊन बोटीवरच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना तपासले, हातापायांची ताकद पाहिली आणि हसून चिठ्ठी लिहिली. पाण्यात उतरायला हरकत नाही, घरातले एक मोठे माणूस काठावर हजर हवे. बाईंनी ती चिठ्ठी दादापुढे धरली. त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"आई, बोट हलते. परत काही झालं तर? उद्या बघू."

उद्या उजाडला आणि समुद्र खवळला. तलावातले पाणी या काठावरून त्या काठावर उड्या मारू लागले, तेव्हा खलाशांनी त्यावर जाळे ताणून बांधले. चौथा दिवस तसाच गेला, पाचवाही. बाई मात्र रोज सकाळी तो निळा पोशाख साडीच्या आतून घालून तयार होत आणि रोज संध्याकाळी गुपचूप उतरवून ठेवत. त्या वेळी त्यांचा चेहरा मला बघवत नसे.

सहाव्या दिवशी समुद्र निवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट बंदराला लागणार होती. दुपारी चारला जाळे निघाले. पण दादाच्या वेळापत्रकात पाच वाजता कुटुंबाचा फोटो होता, तोही तलावाशेजारीच. बाई सोडून सगळ्यांनी एकसारखे पिवळे शर्ट घातले. फोटोवाला तिकाटणे लावून उभा राहिला. दादा माणसे उंचीप्रमाणे लावू लागला.

ट्रिंग! ट्रिंग! ट्रिंग!

"मुंगी, तयार?" बाईंनी विचारले.

मुंगीने पाण्याकडे पाहिले. "तू आधी."

जीवरक्षक पुढे आला. त्याने दादाला विचारले, "आजींना पोहता येतं का?" दादा घंटीची वाट बघत राहिला. पण घंटी वाजायच्या आतच जीवरक्षक स्वतःहून खाली वाकला. सहा दिवसांत बोटीवर आमची कीर्ती झाली होती. "आजी, तुम्हाला पोहता येतं का?"

"तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून," बाई म्हणाल्या.

आता सगळे दादाकडे बघू लागले. तो गळ्यातल्या वेळापत्रकाशी चाळा करत उभा होता. त्याने एकदा आईकडे पाहिले, मग मुलीकडे. मग ते वेळापत्रक गळ्यातून काढून फोटोवाल्याच्या हातात दिले आणि माझ्या मागे आला. त्याचे तळवे ओले झाले होते, मला हँडलवर कळले.

"आई, ढकलू का?"

ढकलण्याआधी त्याने पहिल्यांदाच विचारले. बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिले. "ढकल."

काठावर पाण्यात उतरवणारी एक पांढरी प्लॅस्टिकची बैठक होती. तिचा मला आधी हेवा वाटला, खोटे कशाला बोलू? सुनेने टॉवेलचा आडोसा धरला आणि साडी सुटताच आत निळा पोशाख तयार! सुनेने तोंडात बोट घातले. बाईंना घेऊन बैठक हळूहळू खाली गेली. बाईंनी पाण्यात बोट बुडवून चाखले.

"आजी, तोंडात घालू नका," जीवरक्षक ओरडला.

"खारं आहे गं!" बाई आनंदाने म्हणाल्या. "समुद्राचं पाणी भरलंय. हे तर माणसाला स्वतःच उचलून धरतं!"

त्यांनी बैठक सोडली, मान मागे टाकली आणि पाठीवर पसरल्या. जमिनीवर जे पाय हट्टाने ऐकत नसत, ते अलगद वर आले. मित्रांनो, सहा दिवस मी त्यांचे वजन वाहिले होते. त्या क्षणी त्यांना वजनच उरले नव्हते. मी पोलादाची आहे, पण मला भरून आले.

मुंगी पायरीवर आली. गुडघे बुडाले. ती थांबली.

"आजी, तुझे पाय तळाला टेकतात का?"

"माझे जमिनीवरही धड टेकत नाहीत. इथे कशाला टेकवू?"

मुंगी फिसकन हसली आणि हसता हसता आणखी एक पायरी उतरली. पाणी कमरेला आले. बाईंनी कठडा धरून दुसरा हात तिच्या पाठीखाली दिला. मुंगी डोळे मिटून आडवी झाली. तिचा श्वास धाप लागल्यासारखा चालला होता.  बाई नुसता हात धरून राहिल्या. पिवळ्या शर्टवाले अकरा जण काठावर गप्प उभे, दादा माझ्याजवळ. कुणी "घाबरू नकोस" म्हटले नाही, कुणी घाई केली नाही.

मग मुंगीच म्हणाली, "सोड."

बाईंनी हात काढला आणि जुन्या तलावावरच्या खणखणीत आवाजात मोजायला सुरुवात केली. "एक. दोन. तीन." सातला मुंगीचे नाक पाण्याला लागले. माझ्या हँडलवरची दादाची मूठ आवळली, पण तो जागचा हलला नाही. मुंगीने स्वतःच हनुवटी वर केली. दहाला सून मोजू लागली, बाराला सगळे कुटुंब, पंधराला अनोळखी प्रवासीसुद्धा. "अठरा! एकोणीस! वीस!"

 दादाने माझी घंटी धरली आणि लहान मुलासारखी वाजवत सुटला. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! मग पिवळ्या शर्टासकट त्याने पाण्यात उडी घेतली आणि त्याच्यामागे सगळ्यांनी.

"पास!" बाई ओरडल्या. "पोरगी पास!"

मी काठावर रिकामी उभी होते. सीटवर ना टॉवेल, ना चपला, ना बदक. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी इतक्या अभिमानाने कधी उभी राहिले नव्हते. माझे काम बाईंना बसवून ठेवायचे नव्हतेच. त्यांना पाण्यापर्यंत पोहोचवायचे होते, आणि ते मी केले होते.

घरातल्या भिंतीवर आता तो फोटो आहे. चौदाही जण पाण्यात, केस चिकटलेले, आणि कडेला रिकामी मी. दर रविवारी बाई आणि मुंगी मला गावच्या तलावापर्यंत नेतात आणि तासभर काठावर विसरून जातात. बाई मला अजून बयाच म्हणतात, पण आता त्यात "माझी" लागते. दाराआड मला कुणी ठेवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी खुर्ची दिसली तर तिच्या चाकांना तेल घाला, उतारावर ब्रेक लावा, तिच्यावर सामान लादू नका. पण आधी तिच्यावर बसलेल्या माणसाकडे बघा आणि जे विचारायचे ते त्यालाच विचारा.

त्या दिवशीचे शेवटचे सांगते. सगळे पाण्यात दंगा करत होते, तेव्हा डेक पुसायला आलेल्या माणसाने मला बेवारस समजून हँडलला हात घातला. तेवढ्यात तलावाच्या मधोमध पाठीवर तरंगणाऱ्या एका बारीक पोरीचा आवाज आला.

"ओ काका! विचारल्याशिवाय ढकलायचं नाही!"