शेवटचं बटण

बाईंनी फळ्यावरच्या वाक्यातलं एक इवलंसं अक्षर बोटानं पुसलं आणि खडूनं माखलेलं बोट टेबलाच्या कडेला झटकलं.

"हं, मास्तर. आता वाचा."

मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला. "आय हॅव फ्यू फ्रेंड्स."

"म्हणजे?"

"मला थोडे मित्र आहेत."

"झालं! परत तेच." बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तो 'अ' होता तोवर थोडे होते. अ फ्यू. थोडे का होईना, पण आहेत. 'अ' गेला की बोलणारा रडगाणं गातोय. मित्र असून नसल्यासारखे."

"एवढंसं ते अक्षर," मास्तर फळ्याकडे बघत म्हणाले, "आणि भरल्या घरातून उचलून माणसाला रिकाम्या घरात नेऊन बसवतं."

"साखरेचंही तसंच. लिटल शुगर म्हणालात, तर तुमचा जावई डबा घेऊन दुकानात पळेल. अ लिटल म्हणालात, तर चहा होईल."

"आणि ते हाफ अ मीटर? मुळात अर्धाच तुकडा, त्याला वर अक्षराचं ठिगळ कशाला?"

बाईंना हसू आलं. ते लपवायला त्या पुन्हा फळ्याकडे वळल्या.

एके काळी या खोलीत मुलं दाटीवाटीनं बसत. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जाई. आता सगळी बाकं भिंतीला लावून ठेवलेली होती आणि मधोमध एकच उरलं होतं. त्यावर रोज दुपार कलली की समोरच्या गल्लीतले शिंपीमास्तर येऊन बसत. दोघांनाही लोक मास्तर आणि बाई म्हणूनच हाक मारत आलेले, त्यामुळे पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले होते, "दोघंही शिकवणारेच. मग शिकायचं कोणी?"

बायको गेल्यावर मास्तरांनी दुकानाची पाटी उतरवली ती उतरवलीच. मशीन तेवढं मागच्या खोलीत ठेवलं आणि त्याच्याशेजारी स्वतःची खाट टाकली. मुलगी परदेशात होती. जावई तिकडचाच. नातीला इंग्रजीशिवाय एक अक्षर येत नव्हतं. मुलीनं फोनवर निक्षून सांगितलं होतं, "बाबा, दुकानात जाऊन चार वस्तू मागता यायला लागल्या की निघायचं. पाहुणे म्हणून नाही, राहायलाच यायचं."

बाईंनीही तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं, "मोजमापाचे शब्द सगळ्यात शेवटी. तो धडा पक्का झाला की तुम्ही मोकळे."

तो धडा सुरू झाला तेव्हा पंखे फिरत होते. आता पंख्यांच्या पात्यांवर धूळ बसली होती आणि खिडक्या लावून घ्याव्या लागत होत्या. पुस्तकातली वाक्यं कधीच संपली होती. बाई रोज सकाळी चहाचा कप हातात धरून नवी वाक्यं जुळवत. थोडं दूध, पुष्कळ खुर्च्या, मोजके पाहुणे. मास्तर चुकले की त्यांना आतून बरं वाटे आणि बरं वाटल्याची मग संध्याकाळभर लाज वाटे. शिकवण्यात उभा जन्म गेला, पण विद्यार्थी चुकावा असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

"कोट घालून बघता ना?" मास्तरांनी खुर्चीच्या पाठीकडे बोट दाखवलं.

हा रोजचा दुसरा तास. बाईंनी फी घ्यायला साफ नकार दिला, तेव्हा मास्तरांनी त्यांच्यासाठी राखाडी लोकरीचा कोट शिवायला घेतला होता. कोट तयार होता. फक्त गळ्याजवळचं बटण लावायचं होतं.

"लावून टाका की एकदाचं," बाई म्हणायच्या.

"नाही. खुंटीला सगळेच कोट बसतात. गिऱ्हाइकानं अंगात घालावा, माझ्यासमोर उभं राहावं, मला पटावं. मग शेवटचं बटण. आणि ते एकदा लागलं की लागलं, बाई. कापड फाटेल, पण माझी गाठ सुटायची नाही."

रोज काहीतरी निघे. कधी खांदा चढे, कधी बाही ओढे. मास्तर कोट घडी करून काखेत मारत आणि दुसऱ्या दिवशी घेऊन येत. बाईंना फरक कधी दिसला नाही, पण शिवणातलं आपल्याला काय कळतंय, असं म्हणून त्या सोडून देत.

आज त्यांनी कोटाला हात घातला आणि मास्तरांचा फोन वाजला.

"जावई," असं पुटपुटत मास्तर गॅलरीत गेले. दार अर्धवट उघडं राहिलं.

चोरून ऐकायचं बाईंच्या मनात नव्हतं. पण इंग्रजी कानावर पडलं की कान टवकारायची जुनी खोड. मास्तर सावकाश बोलत होते, मापं घेताना बोलावं तसे. जस्ट अ फ्यू डेज. अ लिटल वर्क इज लेफ्ट. अ कोट. मग हसून, नातीला सांग, तिच्या बाहुलीसाठी अ डझन बटन्स आणतोय.

बाई कोट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. प्रत्येक अक्षर जिथल्या तिथं होतं.

मास्तर आत आले, बाकावर बसले.

"काय म्हणतात?"

"खोली रंगवून ठेवलीय म्हणे. नातीनं भिंतीवर माझं चित्र काढलंय. हातात कात्री. कात्री माझ्यापेक्षा मोठी." ते हसले, मग थांबले. "रोज विचारते, कधी येणार."

बाईंनी फळ्याकडे बोट केलं. "वाचा."

"आय हॅव फ्यू फ्रेंड्स. मला थोडे मित्र आहेत." मास्तर फळ्याकडे बघतच नव्हते. बाकावर कोटाची लोकर पडली होती, ती ते नखानं टिपत होते.

बाईंनी या वेळी कपाळाला हात लावला नाही. त्यांनी कोट अंगात घातला, एकेक बटण खालून वर लावत आणलं आणि त्या मास्तरांच्या समोर ताठ उभ्या राहिल्या.

"शेवटचं लावा, मास्तर."

"खांदा जरा..."

"खांदा छान बसलाय."

"बाही मला अजून..."

"बाहीही छान बसलीय. पोरगी भिंतीकडे बघत बसलीय तिकडे. लावा."

मास्तरांनी खांद्याची शिवण एकदा बोटानं दाबून पाहिली. मग त्यांनी खिशातून ते बटण आणि सुईदोरा काढला. सुईत दोरा ओवला. बाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं, लहान मुलं पाहतात तशी. गळ्याशी सुई आत जात होती, बाहेर येत होती. मास्तरांनी दातानं दोरा तोडला.

"आता वाचा," बाई म्हणाल्या.

"आय हॅव फ्यू फ्रेंड्स." ते थांबले. "मला मित्र असे नाहीतच."

"बरोबर."

पुसलेल्या अक्षराची जागा मोकळीच होती. बाईंनी खडू पुढे केला. मास्तर उठले, त्यांनी ते अक्षर जिथल्या तिथं बसवलं आणि खडू परत दिला. वाचून कोणीच दाखवलं नाही.

"झालं का मग माझं शिकणं?"

"झालं."

मास्तरांनी चष्मा डबीत ठेवला, पायात चपला सरकवल्या. दारात वळून म्हणाले, "निघतो."

"येतो म्हणावं."

"येतो, बाई."

"या."

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर बाईंनी मधलं बाक ओढत भिंतीला नेऊन लावलं. खोली उगाचच मोठी दिसायला लागली. कोट काढावा म्हणून त्यांनी गळ्याशी हात नेला, तर बटण अलगद त्यांच्या बोटांत आलं. मागून दोरा निघून आला, लांबच लांब, सरळ. त्यांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. टोकाला गाठच नव्हती.

सुईदोरा घरात होता, कपाटातल्या डब्यात. बाईंनी कपाट उघडलं नाही. बटण खडूच्या पेटीत, तुटक्या खडूंच्या शेजारी ठेवलं आणि गळ्याशी उघडा तो कोट तसाच अंगात ठेवून त्या चहा टाकायला वळल्या.