डाव्या हाताचा ब्रेक

झिपरूने सायकल उजव्या हाताने उचलून खांद्यावर टाकली आणि दुकानाच्या तीन पायऱ्या उतरून पुन्हा वर चढला.

"अरे काका, बेसवानी चीज छे, ऊंचकवानी नथी!" हसमुखभाई गल्ल्यावरून हसला. "सायकल माणसाला नेते. माणूस सायकलीला नेत नाही."

"वाटेत ओहोळ आहे," झिपरू म्हणाला. "तिथं मीच नेतो."

हसमुखभाईने त्याच्यासमोर तीन सायकली काढून ठेवल्या होत्या. पहिली काळी, उंच, नेहमीची. पोतं लादलं तरी वाकणार नाही अशी, पण उचलताना कंबर धरणारी. दुसरी बारीक टायरची, वाकड्या हँडलची. डांबरावर पळेल आणि रानात पहिल्याच काट्याला बसेल. तिसरी नवी होती. हँडल सरळ, टायर मध्यम जाड, त्यावर नांगराच्या तासांसारख्या रेघा. सिल्वासात तसली सायकल अजून चारपाच जणांकडेच होती.

"ही मधली जात," हसमुखभाई म्हणाला. "रस्त्याला रस्त्यासारखी, पायवाटेला पायवाटेसारखी. तमे क्यां जाओ छो रोज?"

"किलवणीहून राखोलीला."

"सडकेनं?"

"अर्धं सडकेनं. मग सागाच्या रानातून आडवाट. सगळी सडक धरली तर कारखान्याची पाळी चुकते."

"तो आ ज लो. दुसरी बघायचीच नाही."

झिपरूला घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा दुकानदार त्याच्यासमोर एकावर एक वस्तू मांडत होता. त्याने टायर अंगठ्याने दाबून पाहिलं, चाक उचलून गरकन फिरवलं आणि ते एका रेषेत फिरतं का ते एक डोळा मिटून बघितलं. कॅरिअरवर गुडघा टेकून भार दिला. हे सगळं उजव्या हाताने. डावा हात लेंग्याच्या खिशात होता. गेले दहा महिने तो तिथेच असे.

"हीच घे, झिपरूभाऊ," बाकावर बसलेला सदाशिव म्हणाला. त्याच्या हातात चहाचा ग्लास होता. "फोटोत उठून दिसेल. काळी घेतलीस तर दूधवाला वाटशील."

सदाशिव कारखान्यात सुपरवायझर होता आणि शहाद्याकडचा, झिपरूच्याच गावचा. त्यानेच झिपरूला इकडे आणून पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर लावलं होतं. उद्या, सोमवारी, मुंबईचे साहेब येणार होते. गेटावरच्या फळ्यावर 'अपघाताविना दिवस' या अक्षरांखाली उद्या तीनशे पासष्टचा आकडा चढणार होता. त्या आनंदात कंपनी एका जुन्या, प्रामाणिक कामगाराला सायकल देणार होती. झिपरूचं नाव सदाशिवने सुचवलं होतं; सायकल आजच निवडून उद्या चालवत न्यायची होती.

"काळीचे ब्रेक सळईचे आहेत," झिपरू म्हणाला. "तळव्यानंसुद्धा ओढता येतात. हिचे तारेचे. बोटं लागतात."

हसमुखभाईने खिशाकडे पाहिलं, मग सदाशिवकडे, आणि गल्ल्यातली चिल्लर उगाच सारखी करत बसला.

"काळू!" सदाशिवने मागच्या पडवीकडे हाक मारली. "इकडे ये. दोन्ही ब्रेक उजव्या मुठीत घेता येतील का रे?"

काळू मिस्त्री फडक्याला हात पुसत आला. त्याने काही विचारलं नाही, झिपरूच्या खिशाकडेही पाहिलं नाही. खाली बसून मागच्या चाकाची तार सोडवायला लागला.

"जमेल ना?" झिपरूने विचारलं.

"जमेल की. राखोलीच्या कारखान्यातले ना तुम्ही?" काळूने मान वर केली नाही. "याआधी तिघांना करून दिलंय."

सदाशिवने चहाचा मोठा घोट घेतला. चहा गरम असावा, कारण त्याचे डोळे बारीक झाले.

झिपरू काळूचे हात बघत राहिला. दोन तारा एका मुठीत. त्याच्या प्रेसलाही अशीच सोय केलेली होती. प्रेसला दोन बटणं होती. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा. दोन्ही हात बटणांवर म्हणजे ठोकळ्याखाली एकही नाही. पण त्यात झाकणं कमी निघत. मग एका सकाळी सदाशिवने एक बटण कायमचं दाबून त्यात लाकडाची पाचर ठोकली. "एका हातानं काम भागतं, झिपरूभाऊ," तो म्हणाला होता. "दुसऱ्यानं पत्रा सरकवत जा." झाकणं दुप्पट निघाली. अकराव्या दिवशी दुसरा हात पत्र्याबरोबर आत राहिला.

दवाखान्यात जाताना जीपमध्ये सदाशिव रडत होता. हे खरं होतं, झिपरूने ते स्वतः पाहिलं होतं. रडत रडतच तो म्हणाला होता, "गावी गेलो होतो, कडबा कुट्टीच्या यंत्रात बोटं सापडली असं सांग. नाहीतर माझीही नोकरी जाईल आणि तुझीही." रजेचा अर्ज त्याने मागच्या तारखेचा लिहिला. खाली झिपरूने उजव्या हाताने सही केली. सही तो इथेच शिकला होता, सदाशिवकडूनच.

"हे पण घे." सदाशिवने पिशवीतून निळे हातमोजे काढले. "सायकलवाल्यांची आता फॅशनच आहे. वापीहून फोटोवाला येणार आहे. डाव्यात मी कापूस भरलाय, तीन बोटांत. अंगठा आणि करंगळी तुझी तू घाल."

झिपरूने मोजा हातात घेतला. कापूस ठासून, नीट भरला होता. मधलं बोट इतर दोहोंपेक्षा लांब ठेवण्याची काळजीसुद्धा घेतलेली होती.

"साहेब एक फेरी मारायला सांगतील," सदाशिव म्हणाला. "गेटापासून खाली झेंड्याच्या खांबापर्यंत. तिथंच त्यांचं टेबल आहे. उतार आहे, जरा सांभाळून. टेबलापाशी ब्रेक दाबायचा, हसायचं, संपलं." मग तो उठला आणि झिपरूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आणि तुझ्या रोशनीला उद्या बरोबरच आण. तिचंही काम केलंय मी. तुझं तीन नंबरचं प्रेस कधीचं रिकामं आहे."

झिपरूचा हात खिशातल्या खिशात हलला.

"पॅकिंगला घेतो म्हणाला होतास."

"पॅकिंगला बायांची रांग लागलीय. पोरीचे हात चपळ आहेत, प्रेसवर चार दिवसांत तयार होईल."

"पाचर काढलीस का?"

सदाशिवने रिकामा ग्लास बाकाखाली सरकवला. "तू सायकल बघ," तो म्हणाला.

काळूने उजवी मूठ दाबली. दोन्ही चाकं एकदम अडली. "घ्या," तो म्हणाला.

रानातल्या वाटेला लागेपर्यंत झिपरूने एकदाही मागे पाहिलं नाही. सायकल चांगली होती. मुळांवरून गेली तरी अंग हादरत नव्हतं, सडा पडलेल्या सागाच्या पानांवर घसरत नव्हती. ओहोळाच्या उतारावर त्याने उजवी मूठ दाबली आणि ती शहाण्या बैलासारखी जागच्या जागी थांबली. एका हातानं इतकं नीट थांबण्याचाच त्याला राग आला. पाण्यातून पलीकडे जाताना खांद्यावर तिचं ओझं जाणवलंसुद्धा नाही.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. रोशनीने त्याच्या हातातून सायकल जवळजवळ ओढूनच घेतली आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. बायडाबाई दारातून ओरडली, "अगं, बापाला पाणी तरी पिऊ दे! त्याची सायकल आहे ती, तुझ्या लग्नातली नाही!"

"लग्नात मी स्कूटर मागणार आहे, माय!" रोशनी म्हणाली आणि झिपरूसमोर येऊन थांबली. उद्याचा कार्यक्रम बघायला जायचं म्हणून तिने नखं रंगवली होती, लालभडक. दहाही.

"आबा, डाव्या बाजूचा ब्रेक बिघडलाय. नुसताच मिटतो."

"बिघडला नाही. तार काढून उजवीकडे घेतलीय," झिपरू म्हणाला. "एका हातानं काम भागतं."

शब्द तोंडातून गेले आणि त्याला आपलाच आवाज परका वाटला.

"मग डाव्या हातानं काय करायचं?" रोशनीने विचारलं.

ती हसत होती. तिला उत्तर नकोच होतं. ती पुन्हा फेरी मारायला निघाली होती. झिपरूने हँडल धरलं.

"पक्कड आण."

त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि खाली बसला. डावा हात खिशातून काढला. रोशनीने तो दहा महिन्यांत असा उजेडात पाहिलाच नव्हता. ती पुढे झाली, पण त्याने मानेनेच नको म्हटलं. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत त्याने तार धरली, उजव्या हाताने नट सैल केला. काळूने दहा मिनिटांत केलेलं सोडवायला त्याला दिवेलागण झाली. तार पुन्हा डाव्या मुठीत ओवली, ताणली, आवळली.

"दाब आता."

रोशनीने डावी मूठ दाबली. मागचं चाक अडलं.

"आबा, पण तुम्हांला हा दाबता येणार नाही."

"नाही येणार."

"उद्या साहेबांपुढे फेरी मारायचीय ना? उतारावरून? टेबलापर्यंत?"

"हो."

"मग थांबणार कसे? उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबला तर पालथे पडाल."

झिपरूने पक्कड पुसून तिच्या हातात दिली. "ते साहेबही विचारतील," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर विचारतील. तू उद्या घरीच थांब. उद्याही आणि परवाही."

रोशनीने आपली रंगवलेली नखं पदराखाली घेतली.

आतून बायडाबाई आली. पिशवी रिकामी करताना तिच्या हाती निळा मोजा लागला होता. तो तिने उलटा केला होता आणि तिच्या तळहातावर कापसाचे तीन लांबट गोळे होते, मधला जरा मोठा.

"हा कापूस कसला हो?"

"तीन बोटांचा," झिपरू म्हणाला. "वाती वळ."