चार तारांची जाग

हिरवा दिवा स्थिर होता, म्हणजे आतलं दिसत होतं. अंगठ्याएवढी ती डबी — एक टोक संगणकात खुपसलेलं, दुसऱ्या टोकातून निघालेल्या चार बारीक तारा, लाल, काळी, पिवळी, पांढरी — आणि तारांच्या शेवटी, पोट उघडं टाकून टेबलावर पडलेला मनगटपट्टा. डबीला प्रोब म्हणतात. तिच्यातून पट्ट्यातली चिप हवी तिथे थांबवता येते आणि त्या क्षणी तिच्या मनात काय चाललंय ते ओळीओळीने वाचता येतं... वाचता येतं, याचंच त्याला अजून नवल वाटत होतं. त्याने हातातलं बिनतारी बटण दाबलं. पट्टा घुरघुरत बोटभर सरकला. मग त्याने चारी तारा काढल्या, पट्ट्याची बॅटरी काढून पुन्हा बसवली, पुन्हा बटण दाबलं.

पट्टा गप्प.

जोडलं की चालतं, सोडलं की बंद. आठवडाभर हेच चाललं होतं, आणि आज संध्याकाळी लेक येणार होती.

गेल्या महिन्यात तो न्हाणीघरात घसरला. मोडलं काहीच नाही, पण उठता येईना. त्याने हाका मारल्या — आयुष्यात कधी मारल्या नव्हत्या इतक्या मोठ्याने — आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात बायको भांडी लावत राहिली. तिचे कान गेली काही वर्षं उतरत चालले होते. कानातलं यंत्र होतं, पण ते बहुतेक ड्रॉवरमध्येच असे. "त्यात सगळ्या जगाची भांडी एकदम पडतात हो," असं तिचं म्हणणं. चहा गार होतोय म्हणून ती बोलवायला आली, तेव्हा त्याला फरशीवर बघून आधी तीच मटकन खाली बसली.

लेकीला हे कळायचं ते कळलंच. "बाबा, तुम्ही दोघं मिळून एक धड माणूस होतात," ती फोनवर म्हणाली, "आता तेवढंही नाही राहिलं." आणि मग, जरा नरमून, "आईच्या हाताला बांधायचा तो पट्टा करताय ना? करा. मला चालवून दाखवा. चालला तर राहा तिथे. नाहीतर इथली खोली मी रिकामी करूनच ठेवलीय." लेकीची माया खोटी नव्हती. पण तिच्याकडे हे टेबल मावणार नव्हतं, ही खिडकी नव्हती, आणि आपल्याच माणसांत सकाळी उठल्यापासून पाहुण्यासारखं बसून राहायचं म्हणजे... तो तर मुखदुर्बळच. त्या फोननंतर बायकोने खिडकीच्या काचा पुसून घेतल्या होत्या.

तारा तशाच ठेवून दाखवला तर? लेकीला काय कळतंय त्यातलं... छे. ती टाळी वाजवेल, निघून जाईल, आणि मी पुन्हा ओल्या फरशीवर.

"बाळ अजून दूध पितंय का?" टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेली बायको पुस्तकातून डोळे न काढता म्हणाली.

"नाळ तोडली की रडतच नाही," तो म्हणाला, आणि आपण छातीशी बोललो हे लक्षात येऊन मान वर करून, ओठ नीट उघडून पुन्हा म्हणाला. जन्मभर तो सदऱ्याच्या कॉलरशी बोलत आला होता. ती ऐकेनाशी झाली, तेव्हा कुठे त्याला तोंड वर करून बोलायची सवय लागली. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण हेही तिचंच देणं.

"मग नका तोडू. तो संगणक गळ्यात बांधून फिरते मी. लेकीला म्हणावं, दागिना केलाय."

तो हसला. डबी बोटांत धरून त्याने उलटसुलट केली. वजनकाट्यांच्या कारखान्यात असताना आत बघायचं असं यंत्र एकच होतं, पेटीएवढं. ते साहेबांच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. ते मागायचं म्हणजे चारचौघांत उभं राहून आपलं कुठे अडलंय ते सांगायचं. त्याने कधी मागितलं नाही. तो प्रोग्रॅममध्ये मध्येच एक दिवा लावायची ओळ घाली — दिवा लागला तर गाडी इथवर आली, नाही लागला तर अलीकडेच कुठेतरी रुतली — आणि बाकी सगळं अंदाजाने. "आले बघा अंदाजपंचे," दोस्त म्हणत, आणि पुढे पगाराच्या दिवशीसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारीत. तोही हसे. काय करणार, नाव बेतून शिवल्यासारखं बसलं होतं.

आणि आता दोघांनी बाहेर जेवून यावं इतक्या पैशांत ही डबी टपालाने घरी आली. जगात कुठेतरी, कुणीतरी, हिचा आराखडा सगळ्यांसाठी खुला करून टाकला होता — घ्या, बनवा, विका, पण कुणाला किल्ली मागायला लागू नये. त्या अनोळखी माणसाला आभाराचं पत्र लिहायला तो किती वेळा बसला. 'आदरणीय महोदय' लिहिलं की तो रजेचा अर्ज वाटे. खोडून टाकी. मग डबीवरच अंगठा फिरवी, झालं.

त्याने चिपची माहितीपुस्तिका पुन्हा उघडली, आणि ज्या पानावरून तो कितीदा पुढे गेला होता, त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ते होतं. प्रोब जोडलेला असताना चिप खोल झोपत नाही. झोपल्यासारखी दिसते, इतकंच.

बॅटरी पुरावी म्हणून पट्ट्याने सदा झोपून राहायचं आणि बटण दाबलं की उठायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण बटणाच्या हाकेने जागं व्हायचं हे चिपला सांगणारी ओळ लिहायची राहून गेली होती, आणि तारा होत्या तोवर ते कळायला मार्गच नव्हता. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही म्हणतात. इथे सगळंच उलटं — सोंग घेतलेला हाकेसरशी ओ देत होता, आणि खरा झोपला की... म्हणजे आठवडाभर मी त्याचं जे जागेपण बघत होतो ते माझ्यामुळेच होतं. मी बघत होतो म्हणून तो जागा होता.

चष्म्याचं फडकं आणायला तो उठू लागला. खुर्ची वाजू नये म्हणून त्याने ती अलगद उचलली. बायकोची मान वर झाली.

"कुठे निघालात?"

तो बसला. तिला ऐकू येणं शक्य नव्हतं आणि डोळे तर पुस्तकात होते. त्याने थांबून, चोरासारखा, टेबलावरचा कोपर हळूच काढून घेतला. तिने पुन्हा वर बघितलं.

तिचा डावा तळहात टेबलावर पालथा होता. कालही होता. ती इथे उजेडासाठी येऊन बसते, असं तो समजत होता... आणि रात्री त्याच्या सदऱ्याची बाही तिच्या चिमटीत असते — तो पडला त्या दिवसापासून. प्रेम म्हणावं तर या वयात, आणि अचानक? एकदोनदा त्याने तो हात अवघडतो म्हणून अलगद बाजूला ठेवला होता. हात परत आला होता. हल्ली ती चहात दोनदा साखर घालते, वाचलेलं पान पुन्हा वाचते. वय झालं, असं त्यानेच लेकीला सांगितलं होतं.

"रात्री झोपतेस का तू?" त्याने तोंड वर करून विचारलं.

"झोपते की."

"खरं सांग."

"मग तुम्ही उठलात तर कळायला नको?" तिने पान उलटलं. "कान गेले, बोटं आहेत अजून. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. रात्रपाळी काही नवी नाही."

त्याला बोलायचं होतं. पण हेही 'आदरणीय महोदय'सारखंच होणार होतं. त्याने ती राहिलेली ओळ लिहिली. प्रोबमधून चिपमध्ये चढवली. चारी तारा काढल्या, बॅटरी बसवली, झाकणाचे स्क्रू आवळले, आणि टेबलाला वळसा घालून पट्टा तिच्या मनगटावर बांधला.

"आता मी काय करायचं?"

"काही नाही. हात टेबलावरून काढ."

"आणि?"

"आणि काही नाही. मी हाक मारली तर हा सांगेल."

"नक्की सांगेल ना?" तिने त्याच्या ओठांकडे बघत विचारलं.

"बटण लावून येतो, मग बघू."

न्हाणीघराची भिंत त्याने कोरडी पुसली. बटण जमिनीपासून किती उंचीवर हवं, हे त्याला फार चांगलं ठाऊक होतं. चिकटपट्टी कापायला कात्री हवी म्हणून तो परत आला, तर ती खुर्चीतच झोपली होती. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीत. घोरत होती. आपण घोरतो हे तिने कधीच कबूल केलं नव्हतं.

बटण त्याच्या मुठीत होतं. दाबलं की कळणार होतं — ओळ बरोबर असेल तर तिच्या मनगटावरचा पट्टा उठेल आणि तीही उठेल, हे घर राहील. नसेल तर लेक यायला अजून वेळ आहे, तारा आहेत, डबी आहे, पुन्हा आत बघता येईल. बघायला हवंच होतं. जन्मभर अंदाजाने चालवलं, आणि आता कुणा परक्याच्या कृपेने दिसायची सोय झाली असताना...

ती झोपेत काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा घोरू लागली.

खालच्या रस्त्यावर एक गाडी थांबली, की नुसती हळू झाली. तो आपल्या खुर्चीत बसला, खुर्ची न वाजवता. आभार मानावे तर कुणाकुणाचे, आणि कोणत्या मायन्याने... त्याने बटणावरून अंगठा उचलला, ते समोर ठेवलं, आणि ती ठेवायची तसा आपला तळहात टेबलावर पालथा ठेवून जागा राहिला.