काकूंचं तुर्की

शिवणवाल्या काकूंचा मुलगा बोटीवर नोकरीला. बायको केली ती तुर्की, आणि तिला आईजवळ ठेवून स्वारी परत समुद्रावर. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळेना. पोरगी कंटाळून माहेरी निघून जाईल, या धास्तीनं काकूंनी साठीत फोनवरून तुर्की शिकायला घेतलं.

पहिलाच धडा डोक्यावरून गेला. घर मोठं आहे म्हणायचं तर ‘एव ब्युयुक’. घर मोठं, संपलं. मग ‘आहे’ गेलं कुठं? बरं, स्वतःबद्दल बोलायचं तर त्याच शब्दाला शेपूट. दमलेली म्हणजे ‘योर्गुन’, पण मी दमले म्हणजे ‘योर्गुनुम’. आणि ‘नाही’ला काय म्हणावं? ‘देईल’! नाही म्हणायचं आणि वर देईल म्हणायचं, ही कसली बाई भाषा!

पण काकू हटणाऱ्यातल्या नव्हत्या. दिसेल त्या वस्तूबद्दल आधी होकार, मग नकार बोला, असं धड्यात सांगितलं होतं. कात्री नवी, कात्री नवी नाही. चहा गरम, चहा गरम नाही. मशीनच्या खडखडाटात आपली बडबड कुणाला ऐकू जात नाही, अशी शिवणाऱ्या बायकांची जन्माची समजूत असते. समोरून सून गेली की काकू तिलाही धड्यात घेत.

“गेलिन इयी. गेलिन इयी देईल.” सून चांगली. सून चांगली नाही.

दोन-चार दिवसांत सुनेचं हसणं थांबलं, मग जेवणही. काकूंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, तर ताप नाही. आपलं काय चुकलं? मीठ जास्त पडतं की काय? डोकं इतकं भणभणलं, की गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. “आई, तू तिला चांगली नाहीस म्हणालीस?”

“मी? देवाशपथ नाही रे!”

“रोज म्हणतेस म्हणे, मशीनवर बसून. ती निघालीय, थांबव तिला!” आणि बोटीवरची रेंज गेली.

काकू दाराकडं धावल्या. सून बॅग घेऊन दारातच उभी होती. अगं, तो माझा अभ्यास होता, जाऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. पण धडा अजून ‘होता’पर्यंत पोचला नव्हता, ‘जाऊ नकोस’ तर फार लांब.

काकूंनी तिच्या हातातली बॅग ओढून घेतली, ती घेऊन उंबऱ्याबाहेर गेल्या आणि आत बोट दाखवून म्हणाल्या, “एव बोश.” घर रिकामं.

सून गोंधळली. घरात तर कापडांच्या ढिगांनी पाऊल ठेवायला जागा नव्हती. काकूंनी बॅग छातीशी धरली. त्या रडतच होत्या. “एव बोश, गं.”

सुनेनं पुढं येऊन बॅग काढून घेतली. संपलं, असं काकूंना वाटलं. पण ती वळली ती आत, थेट खोलीत. काकू बाहेरच. आत जावं की न जावं, कळेना.

आतून आवाज आला. पोरीचं पहिलंवहिलं मराठी, काकूंच्याच तोंडून रोज ऐकून पाठ झालेलं.

“आई, दार लाव!”

काकूंनी आत येऊन दार लावलं, आणि कडीसुद्धा घातली.